वेणांवरचा उतारा आणि सीझरचा संशय

सोलापुरांत रिक्षावाल्यास 'डफरीन चौक' म्हटलें कीं पुढें कांहीं सांगावें लागत नाहीं. तें नांव लोकांच्या तोंडीं इतकें रुळलें आहे कीं, तें एका बाईचें नांव असेल अशी शंकाहि येणाऱ्या-जाणाऱ्यास शिवत नाहीं. चौकाला तें मिळालें तेथील स्त्रियांच्या डफरीन रुग्णालयावरून आणि रुग्णालयाला मिळालें लेडी डफरीन हिच्यावरून. तिचा पति लॉर्ड डफरीन १८८४ ते १८८८ या काळांत हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. १८८५ सालीं तिनें एक निधि उभारला. स्त्रियांना वैद्यकीचें शिक्षण द्यावें, त्यांच्यासाठीं निराळीं रुग्णालयें काढावीं आणि शिकलेल्या सुइणी व परिचारिका तयार कराव्या, हा त्या निधीचा हेतु. त्याच्या मुळाशीं विक्टोरिया राणीची इच्छा होती. पन्ना संस्थानच्या महाराणीनें आपल्यावर उपचार करणाऱ्या मिस बीलबी यांच्या हातीं राणीस निरोप धाडला होता कीं, या देशांतील स्त्रियांचे दुखण्यांत फार हाल होतात.

राणीला त्या निरोपाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तिचीं स्वतःचीं नऊ बाळंतपणें झालीं होतीं. पहिलीं सात तिनें चारचौघींप्रमाणेंच कळा सोसून पार पाडलीं. आठव्या खेपेस, १८५३ च्या एप्रिलच्या ७ तारखेस, डॉ. जॉन स्नो यांना राजवाड्यांत बोलावणें गेलें. पुढच्याच वर्षीं लंडनांतील पटकीचें मूळ एका पंपाच्या पाण्यांत शोधून काढणारे ते हेच स्नो. त्यांनीं हातरुमालावर क्लोरोफॉर्मचे थेंब टाकून तो राणीच्या नाकाशीं धरला. कळ आली कीं थोडा वास द्यावयाचा, कळ ओसरली कीं रुमाल दूर करावयाचा. असें ५३ मिनिटें चाललें आणि राजपुत्र लिओपोल्ड जन्मास आला. राणी बेशुद्ध झाली नव्हती. वेदनेची धार तेवढी बोथट झाली होती. तिनें आपल्या रोजनिशींत त्या औषधाची तोंड भरून स्तुति केली, आणि चार वर्षांनीं, शेवटच्या कन्येच्या वेळीं, स्नो यांनाच पुन्हां बोलाविलें.

हें औषध प्रसूतींत प्रथम आणलें एडिंबरोचे डॉ. जेम्स सिंप्सन यांनीं. १८४७ च्या जानेवारींत त्यांनीं ईथर वापरून पाहिलें व त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत क्लोरोफॉर्म. लागलीच वाद माजला. बायबलांत ईव्हला शाप आहे कीं तूं दुःखानें मुलें प्रसवशील. मग तें दुःख हरण करणें म्हणजे ईश्वरी आज्ञेचा भंग नव्हे काय? सिंप्सन यांनीं उत्तरहि बायबलांतूनच शोधलें. आदमची बरगडी काढून तिची स्त्री घडविण्यापूर्वीं ईश्वरानें त्याला गाढ निद्रा आणली होती. तेव्हां पहिला भूल देणारा खुद्द ईश्वरच! पण या वादांत केवळ धर्मच नव्हता. कळा कमी केल्या तर प्रसूतीची गति मंदावेल, मूल अडेल आणि अखेर शस्त्र घ्यावें लागेल, अशी भीति कित्येक जाणत्या डॉक्टरांनाहि वाटत होती. धर्माचा आक्षेप कालांतरानें विरला. ही दुसरी भीति मात्र रूप पालटीत दीडशें वर्षें टिकली, आणि तिचीच कथा येथें सांगावयाची आहे.

आपल्याकडे ईव्हचा शाप नव्हता. तथापि सोसण्याला मान होता. अंधारी खोली, बाजेखालीं शेगडी, दाराशीं सुईण, आणि आंतून ओरडण्याचा आवाज फार येऊं लागला कीं 'जरा सोस' म्हणणारी सासू किंवा आई. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असें म्हणण्याची रीत आहे, आणि तें म्हणणें अलंकारिक नव्हतें. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षीं प्रसूत झाल्या व त्यांचें मूल दहा दिवसांत गेलें. पुढें अमेरिकेंत डॉक्टर होतांना, १८८६ सालीं, त्यांनीं प्रबंधासाठीं विषय घेतला तो हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्राचाच. डफरीन निधीसारख्या प्रयत्नांनीं रुग्णालयें आलीं, स्वच्छता आली, पडद्यांतल्या बाईला पाहूं शकेल अशी डॉक्टरीण आली. क्लोरोफॉर्महि आलें, पण तें मुख्यतः अडलेल्या बाईसाठीं, शस्त्रक्रियेच्या वेळीं. सरळ प्रसूतींत कळा सोसणारीच्या वांट्याला तें क्वचितच आलें. ज्या राणीच्या प्रेरणेनें हा निधि निघाला तिनें स्वतः जें सुख दोनदां घेतलें तें निधीच्या उद्दिष्टांत कोठेंच नव्हतें. हा कृपणपणा म्हणण्यापेक्षां त्या काळची निकड म्हणणें अधिक न्याय्य. जेथें आई जगण्याचीच शाश्वति नाहीं तेथें वेदनेचा विचार मागें पडतो.

सोलापूरच्या पूर्वेस लागून असलेल्या निजामच्या राज्यांत मात्र या औषधाचा कसून विचार चालला होता. क्लोरोफॉर्मनें माणूस दगावतो तो हृदय थांबून कीं श्वास थांबून, हें ठरविण्यासाठीं १८८८ व १८८९ सालीं हैदराबादेस डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानें व निजामच्या खर्चानें दोन समित्या बसल्या. श्वासावर नजर ठेवली म्हणजे हृदयाची चिंता नको, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. १९११ सालीं लेव्ही यांनीं तो चुकीचा ठरविला. क्लोरोफॉर्म हृदयाची लय एकाएकीं बिघडवूं शकतें, हें त्यांनीं दाखवून दिलें. याच हैदराबादेंत शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी भूल देण्याचें काम करीत. भूलशास्त्राला वाहून घेतलेली जगांतील पहिली स्त्री म्हणून त्यांचें नांव घेतलें जातें.

क्लोरोफॉर्मचा दोष असा कीं तें आईच्या रक्तांतून मुलापर्यंत पोहोंचतें. सबंध शरीराला गुंगी न आणतां केवळ वेदनेची वाट अडवितां येईल काय, हा पुढचा प्रश्न होता. १८८४ सालीं व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनीं कोकेननें डोळा बधिर करून दाखविला. १८९८ सालीं जर्मनींत ऑगस्ट बीअर यांनीं तेंच औषध पाठीच्या कण्यांतील पाण्यांत सोडून कमरेखालचें अंग बधिर केलें, आणि १९०० सालीं बाझलच्या ऑस्कर क्राइस यांनीं तो प्रयोग प्रसूतींत केला. पण अशा सुईचा परिणाम एकदांच होतो व थोडा वेळ टिकतो. कळा तर दिवस-दिवस चालतात. स्पेनचे लष्करी शल्यवैद्य फिदेल पाखेस यांनीं १९२१ सालीं निराळी जागा दाखविली. मज्जारज्जूभोवतींच्या पाण्याला ज्या जाड आवरणानें वेढलेलें असतें त्याला ड्युरा म्हणतात. त्या आवरणाच्या आंत न जातां बाहेरच्या चिंचोळ्या पोकळींत औषध सोडावयाचें. हेंच एपिड्युरल. दोनच वर्षांनीं पाखेस मोटार-अपघातांत वारले व त्यांचा स्पॅनिश लेख बरीच वर्षें अज्ञात राहिला. १९४७ सालीं हवानाच्या मार्तीनेझ कुर्बेलो यांनीं त्या पोकळींत बारीक नळी बसवून ठेविली. आतां औषध हवें तितक्या वेळां, हवें तितके तास देतां येऊं लागलें. बाई जागी, बोलती, मूल सतेज आणि कळांचा फक्त दाब जाणवणारा, असें चित्र प्रथमच शक्य झालें.

इकडे शस्त्राचाहि प्रवास चाललाच होता. पोट उघडून मूल काढण्याची कल्पना फार जुनी. आई मृत झाली असून कुशींत गर्भाची हालचाल दिसत असेल तर वैद्यानें तत्काळ कूस चिरून मूल बाहेर काढावें, असें सुश्रुतानें सांगितलें आहे. म्हणजे ही क्रिया मुलासाठीं. आई आधींच गेलेली. ज्यूलियस सीझर असा जन्मला ही दंतकथाच समजावी, कारण त्याची आई ऑरेलिया तो कर्ता होईपर्यंत हयात होती. एकोणिसाव्या शतकांतहि जिवंत स्त्रीवर ही शस्त्रक्रिया केली तर ती बहुधा वांचत नसे. १८८२ सालीं जर्मनीच्या मॅक्स सँगर यांनीं गर्भाशय व्यवस्थित शिवण्याची रीत घालून दिली; पुढें जंतुनाशकें, रक्त देण्याची सोय आणि पेनिसिलिन यांनीं सीझर सुरक्षित केलें. एक धोका मात्र उरला होता. बेशुद्ध केलेल्या गर्भवतीच्या पोटांतील आम्ल श्वासनलिकेंत उतरून फुप्फुसांना इजा होते, हें न्यूयॉर्कच्या मेंडेलसन यांनीं १९४६ सालीं दाखविलें. तो टाळण्याचा उत्तम उपाय म्हणजे तिला बेशुद्धच न करणें, आणि तो पाठीच्या सुईनें साधला. पाठीची सुई आणि सीझर यांचा पहिला संबंध हा असा उपकारक आहे.

दुसरा संबंध संशयाचा. अमेरिकेंत १९७० सालीं शंभर प्रसूतींमागें ५.५ सीझर होत. १९८८ पर्यंत हा आंकडा २४.७ वर गेला. याच काळांत तेथें एपिड्युरलचा प्रसार झाला. दोन रेघा बरोबरीनें वर चढतांना दिसल्या कीं एक दुसरीला ओढीत आहे असें मनाला वाटतेंच. प्रसूतिगृहांतील अनुभवहि तसाच होता. ज्या स्त्रिया एपिड्युरल मागत त्यांच्यांतच सीझर अधिक होई.

या तर्कांतील फट सोलापूर जिल्ह्याच्या माणसाला चटकन् दिसावी. उन्हाळ्यांत ज्या गांवीं पाण्याचे टँकर अधिक फिरतात त्याच गांवच्या विहिरी अधिक कोरड्या आढळतात. म्हणून टँकरनें विहिरी आटविल्या असें कोणी म्हणत नाहीं. बाळाचें डोकें वांकडें आलें असेल, मूल मोठें असेल, किंवा कळा येऊनहि वाट उघडत नसेल, तर वेदना अधिक होतात आणि अधिक काळ होतात. अशीच बाई उतारा मागते, आणि अशाच बाईचें पुढें सीझर होण्याचा संभव असतो. दोहोंचें कारण अडलेली प्रसूति.

तथापि शंका नुसत्या दाखल्यानें फिटत नाहीं. तिला कसोटी लागते. अशी कसोटी म्हणजे चिठ्ठ्या टाकून स्त्रियांचे दोन गट करणें, एकास एपिड्युरल व दुसऱ्यास शिरेंतून वेदनाशामक देणें. १९९३ सालीं अमेरिकेंत थॉर्प व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ९३ पहिलटकरणींवर ती केली. एपिड्युरलच्या ४८ जणींपैकीं १२ जणींचें सीझर झालें. दुसऱ्या ४५ जणींत केवळ एकीचें. फरक इतका भयंकर कीं प्रयोग मध्येंच थांबविण्यांत आला. पण स्त्रियांची संख्या लहान होती, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांना कोणीला काय दिलें आहे हें ठाऊक होतें. तरीहि या निष्कर्षानें व्हावयाचा तो परिणाम झाला. २००० सालीं अमेरिकेंतील प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयानें सल्ला दिला कीं, शक्य तर पहिलटकरणीस गर्भाशयाचें तोंड चार-पांच सेंटिमीटर उघडेपर्यंत एपिड्युरल देऊं नये. तात्पर्य, दोन सेंटिमीटरवर विव्हळणाऱ्या बाईनें अजून कित्येक तास सोसावें. सिंप्सन यांच्या काळचें 'सोस' येथें आंकड्यांचा पोशाख घालून परत आलें होतें.

मोठ्या कसोट्यांनीं निराळेंच सांगितलें. १९९७ सालीं डॅलस येथें ७१५ स्त्रियांची पाहणी झाली. सीझरचें प्रमाण एपिड्युरलच्या गटांत शंभरीं चार, तर दुसऱ्या गटांत पांच. डब्लिनच्या राष्ट्रीय प्रसूतिगृहांत १९८७ सालीं पहिलटकरणींपैकीं शेंकडा १० जणी एपिड्युरल घेत, १९९४ सालीं ५७ घेऊं लागल्या. सीझर मात्र होतें तेथेंच राहिलें. हवाईमधील एका लष्करी रुग्णालयांत १९९३ च्या सुमारास एपिड्युरल मागेल तिला मिळूं लागलें. आधीं तें शंभरांत एखादीला मिळे, मग बहुतेक सर्वजणींना. आणि तेथेंहि सीझर वाढलें नाहीं. अखेर २००५ सालीं शिकागोच्या डॉ. सिंथिया वाँग यांनीं 'लवकर देऊं नये' हाच मुद्दा ७५० पहिलटकरणींवर पारखला. लवकर पाठीची सुई दिलेल्यांत सीझर १७.८ टक्के, थांबवून ठेवलेल्यांत २०.७. पुढच्याच वर्षीं महाविद्यालयानें आपला जुना सल्ला मागें घेतला आणि बाईनें मागणें हेंच वेदनाहरणास पुरेसें कारण मानलें.

एपिड्युरल सर्वथा निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नव्हे. रक्तदाब उतरतो, कधीं ताप येतो, सुई चुकून आवरणापार गेली तर शंभरांत एखादीला तीव्र डोकेदुखी जडते. पूर्वींच्या कडक मात्रेनें पायांतील जोर जाई, जोर करण्याची भावनाच नाहींशी होई आणि चिमटा किंवा निर्वात पेला लावून मूल ओढावें लागे. जुन्या डॉक्टरांच्या भीतींत एवढा अंश खरा होता. पुढें ब्युपिव्हाकेन या औषधाची मात्रा पूर्वींच्या पाव किंवा अर्ध्या टक्क्यावरून एक दशांश टक्क्यावर व त्याहूनहि खालीं आली, जोडीला फेंटानिलचा अंश आला, आणि बाई पाय हलवूं शकूं लागली. २०१८ सालीं ११,००० हून अधिक स्त्रियांवरील ४० कसोट्या एकत्र पाहण्यांत आल्या. त्यांत सीझरचा फरक आढळला नाहीं. अवजारें लावण्याचें प्रमाण जुन्या कसोट्यांत अधिक दिसलें, २००५ नंतरच्या कसोट्यांत तेंहि नाहीं. आपल्याकडे घरोघर ऐकूं येणारी 'पाठींत इंजेक्शन घेतलें कीं जन्माची कंबरदुखी' ही समजूतहि अशा कसोट्यांत टिकली नाहीं. कंबर दुखते ती एपिड्युरल घेणारीची आणि न घेणारीची सारखीच.

येथवरचा वाद पश्चिमेचा झाला. आपल्या देशाचे आंकडे त्या वादाला अगदीं निराळें उत्तर देतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ सालीं भारतांत शंभर प्रसूतींमागें ८.५ सीझर होत. २०१५-१६ सालीं १७.२ आणि २०१९-२१ सालीं २१.५. महाराष्ट्रांत याच शेवटच्या पाहणींत २५.४. देशांतील सरकारी रुग्णालयांत १४.३, तर खासगी रुग्णालयांत ४७.४. सोलापूरच्या पूर्व भागांतील पद्मशाली विणकर कुटुंबांचीं नातीगोतीं ज्या तेलंगणाशीं आहेत, तेथें तर ६०.७! या वीस वर्षांत भारतीय स्त्रीनें एपिड्युरल घेतलें म्हणावें, तर तें मुख्यतः मोठ्या शहरांतील खासगी रुग्णालयांपुरतें राहिलें. तालुक्याच्या व जिल्ह्याच्या गांवीं बहुसंख्य स्त्रियांनीं त्याचें नांवहि ऐकलेलें नसतें. ज्या उताऱ्यानें शस्त्र येतें अशी भीति घातली गेली तो उतारा आलाच नाहीं, आणि शस्त्र मात्र आलें.

त्याचीं कारणें निराळीं आहेत. एकदां सीझर झालें कीं पुढचेंहि सीझरच, ही चाल, रात्र-रात्र वाट पाहण्यापेक्षां तासाभरांत मोकळें होण्याची रुग्णालयाची सोय, खर्चाचें गणित, कांहीं ठिकाणीं पंचांगांतला मुहूर्त. शिवाय एक कारण असें कीं ज्याचा उच्चार कमी होतो: वेदनेचें भय. दहा तास विव्हळलेली मुलगी व तिची रडणारी आई दोघी मिळून डॉक्टरांना म्हणतात, 'आतां सीझर करून टाका.' त्या घटकेला तिच्यापुढें दोनच वाटा ठेवलेल्या असतात, सोसणें किंवा पोट उघडणें.

ज्या चीनमध्यें सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनीं १९४२ सालीं रुग्णसेवेंत देह ठेवला, त्या देशाचा अनुभव येथें बोलका आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २००७-०८ सालीं तेथील निवडक रुग्णालयांची पाहणी केली तेव्हां शंभरांत ४६ सीझर आढळलीं, व त्यांतील पुष्कळांस वैद्यकीय कारण नव्हतें. प्रसूतींत वेदनाहरण तेथेंहि फार विरळ होतें. २००८ नंतर अमेरिकेंतील भूलतज्ज्ञांच्या एका पथकानें चीनच्या कांहीं रुग्णालयांत जाऊन अहोरात्र एपिड्युरल देण्याची व्यवस्था बसवून दिली. त्या उपक्रमाच्या अहवालांत, कळा सुरू झाल्यानंतर होणारीं सीझर वाढलीं नाहींत, उलट घटलीं, अशी नोंद आहे.

सोलापुरांतील सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६३ सालीं निघालें. त्याच्याशीं जोडलेल्या रुग्णालयांत जिल्ह्याबरोबर धाराशिवकडल्या व कर्नाटकाच्या सीमेवरच्या अडलेल्या स्त्रियाहि येतात. अशा कोणत्याहि जिल्ह्याच्या गांवीं सीझर ठरलें कीं भूलतज्ज्ञ येतो आणि बाईला कुशीवर वळवून किंवा बसवून कमरेच्या मणक्यांमधील फटींत सुई घालतो. औषध बहुधा तेंच, ब्युपिव्हाकेन; फक्त मात्रा कडक आणि जागा आवरणाच्या आंत. तास-सव्वा तासांत त्याचें काम संपतें. कळा सोसणारीजवळ त्याचें काम तितक्यांत संपत नाहीं. पहिलटकरणीच्या कळा दहा-बारा तास चालतात. तेवढा वेळ दर थोड्या वेळानें रक्तदाब पाहणारी, बाळाचे ठोके मोजणारी, शिकविलेली परिचारिका लागते. नळींतून औषध पोहोंचविणारा लहानसा पंप लागतो. आणि रात्रीं दोन वाजतां मात्रा कमी-अधिक करावयास भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असावा लागतो. रात्रपाळीला तो एकटाच असेल, तर शस्त्रक्रियागृहांतून बोलावणें आलें कीं त्याला तिकडे जावें लागतें.